इंदूआत्याचे पाहुणे

इंदूआत्यानं मला पहिली हाक मारली ती दगडानं. दुपारची वेळ होती, मी दुकानात पिकोचं मशीन चालवत होते आणि शटरवर धाडकन काहीतरी आदळलं. बाहेर येऊन बघते तर समोरच्या नव्या पाळणाघराच्या ओट्यावर ही बाई उभी. पदर खोचलेला, एका हातात दुसरा दगड तयार.

"ए बये, मशीन बंद कर. पोरं निजल्यात."

"आन् माझं पोट?" मीही काही कमी नव्हते.

"तासाभरानं भर. न्हाईतर ह्यो कपाळात बसंल."

मी मशीन बंद केलं. तिच्या डोळ्यांकडं बघून कुणीही केलं असतं. तासाभरानं तीच बाई चहाचा पेला घेऊन आली, माझ्याच स्टुलावर बसली आणि "तुझं नाव काय गं?" म्हणाली. मी सांगितलं, मंगल. त्या दिवसापासून मी मंगली झाले आणि तळेगाव ढमढेऱ्यात दुपारी तासभर माझं मशीन झोपायला लागलं.

इंदूआत्या उंच होती, हाडापेरानं मोठी. डाव्या भुवईवर आडवा वण. कुणी विचारलं की लपवायची नाही, उलट ऐटीत सांगायची. माहेर खुटबावचं, दिली वडगाव रासाईला. नवरा रोज मारायचा. एक दिवस त्यानं जेवता जेवता पाट उचलून फेकला, तो हिच्या कपाळावर बसला. "मग म्या त्योच पाट उचलला आन् माघारी दिला," ती म्हणायची. "त्याचं मनगट गेलं, पुढचे दात गेले. सासू वरडायला लागली, तवर म्या कपाळाला हळद लावून यस्टीत बसले पन व्हते." हे सगळं ती कणीक तिंबत सांगायची आणि सांगताना कणकेला असे बुक्के मारायची की बघणाऱ्याला त्या नवऱ्याची दया यावी. मला नाही आली कधी.

यस्टीनं तिला पुण्यात आणलं. तिथं एका उंच इमारतीत तिला पोरं सांभाळायचं काम मिळालं. कंपन्यांचे परदेशी साहेब तिथं राहायचे, बायकापोरांसकट. वर्षानुवर्षं तिनं त्यांची पोरं न्हाऊ घातली, भरवली, झोपवली. त्यामुळं तिच्या लेखी जग म्हणजे ती इमारत. कोरिया तिसऱ्या मजल्यावर, जर्मनी पाचव्या, स्पेन सातव्या. "जर्मनीत लई शिस्त, पर पोरं एकटी निजवत्यात गं अंधारात. कोरियात पोरगं पाठीला बांधत्यात, आपल्या ऊसतोडीच्या बायांगत. मला तवा कळलं, मान्सं हितून तितून सारखीच, मजला तेवढा निराळा." असं ती बोलायची. शेवटचं कुटुंब आपल्या देशी परत गेलं तेव्हा ती इकडं आली आणि तिनं पाळणाघर काढलं. आजूबाजूला कारखाने, नवराबायको दोघं कामावर, त्यामुळं पोरं मिळायला वेळ लागला नाही. गावातली मिळाली, बाहेरून पोटासाठी आलेल्यांचीही मिळाली. ओडिशा, बिहार, नेपाळ, सगळी एका सतरंजीवर.

तिची मजा सोमवारी सुरू व्हायची. सकाळी ओट्यावर उभी राहून ती ओरडायची, "आज कितव्या मजल्यावर जायचं रे?" पोरं बोंबलायची, "तिसऱ्याऽऽ!" म्हणजे तो आठवडा कोरियाचा. दारात सगळ्यांनी चपला काढायच्या, कमरेत वाकून नमस्कार करायचा, ज्वारीच्या धाटाच्या दोन काड्यांनी शेवया खायच्या. कोबीला कांदा-लसूण मसाला फासून बरणीत आंबवायची आणि एकेकाला चमचाभर भरवायची. पोरांच्या नाकाडोळ्यांतून पाणी, आणि तरी दुसऱ्या चमच्यासाठी हाणामारी. पाचव्या मजल्यावर गेलं की सरबताचे पेले एकमेकांना भिडवायचे, पण डोळ्यांत डोळे घालून. "डोळा चुकवलास तर जर्मन चिडंल, मुडद्या!" कपडे शिवायचं काम माझ्या गळ्यात. जुन्या नऊवारीचे कोरियन झगे शिवले, चादरीचे सदरे शिवले. मी कुरकुर केली की ती माझ्या शटरकडं बघून नुसती दगड शोधायची.

पोरांवर तिनं हात उचललेला मी कधी पाहिला नाही. पोरांच्या आईबापांवर उचललेला मात्र बक्कळ पाहिला. एका बापानं फाटकात पोराच्या थोबाडीत दिली, तर हिनं त्याचं मनगट धरून असं पिरगाळलं की तो गुडघ्यावर आला. दुसऱ्या एका बाईंनी येऊन सांगितलं, आमच्या लेकराचं ताट त्या परप्रांतीयांच्या आणि खालच्या आळीतल्या पोरांत मांडू नका. आत्या तडक आत गेली, त्यांच्या लेकराचा डबा आणला आणि रस्त्यात फेकला. पोळ्या गटारात गेल्या. "उचला," ती म्हणाली. "तुमचं ताट तिथं मांडलंय. एकदम येगळं." बाई रडत गेल्या. चार दिवसांनी मुकाट पोराला परत घेऊन आल्या, कारण सांभाळायला दुसरं कोण होतं?

पण तिचा जीव होता तो शनिवारात. शनिवारी एक पोरगं दुसऱ्याच्या घरी पाहुणं जायचं, जेवायला. त्याची तिची एक पद्धत होती आणि त्यात तसूभर फरक चालायचा नाही. पाहुण्यानं दाराबाहेर चपला काढून विचारायचं, "आम्ही पाहुणे, आत येऊ का?" आतल्या पोरानं म्हणायचं, "या, तुमचीच वाट बघत होतो." ताटात पडेल ते खायचं, नाक मुरडायचं नाही. आणि पाहुणा घरात असेतो त्या घरात कुणी हात उचलायचा नाही, आवाजही चढवायचा नाही. माझ्याकडं एकदा ओडिशाची एक चिमुरडी आली होती. पिठलं-भाकरी खाताना तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच परदेश आहे. माझा नवरा त्या दिवशी घरात दबक्या आवाजात बोलला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच!

"एवढं काय गं त्या पाहुण्याचं तुला?" मी एकदा विचारलं.

चहा खाली ठेवून ती म्हणाली, "मंगले, इतकी वरसं त्या मजल्यांवर गेले, पर एका घरात मला कुनी बस म्हनलं न्हाई. वाईट न्हवती मान्सं. पगार द्यायची, जुन्या साड्या द्यायची. पर म्या मागच्या लिफ्टनं गेले आन् मागच्या लिफ्टनं आले. पाहुनी म्हनून कुठंच न्हाई." मग हसली. "एकच देश बस म्हनायचा. नेपाळ. त्यो मजल्यावर न्हवता, खाली गेटावर व्हता. वाचमन. संध्याकाळी स्वतःचं स्टूल द्यायचा आन् आपुन उभा ऱ्हायचा."

त्यामुळंच की काय, तिलकच्या पोरीवर तिचा जास्त जीव. तिलक नेपाळचा. स्टँडजवळ त्याची चायनीजची गाडी होती. बुटका, हसरा, बोलायला लाजरा. बायको कमला आणि पाच वर्षांची सुनिता, एका खोलीत राहायचे. आणि सुनिताचा जिवलग मित्र कोण, तर शौर्य. गावातल्या मोठ्या बागायतदाराचा, आप्पांचा नातू. आप्पा सोसायटीचे चेअरमन, त्यांच्या शब्दावर निम्मं गाव उठतं-बसतं. शौर्यचा बाप किरण, डोक्यानं गरम. आई अश्विनी एका कंपनीच्या ऑफिसात कामाला. शौर्यला तिलकच्या घरी पाहुणा जायचं होतं, त्यानं महिनाभर भुणभुण लावली होती. शेवटी अश्विनीनं आत्याला हो सांगितलं. घरात मात्र नवऱ्याला, सासऱ्याला काही बोलली नाही. ते कधी हो म्हणाले नसते, हे तिला ठाऊक होतं.

तेव्हा टोमॅटोचे भाव पार बसले होते. शेतकरी क्रेटच्या क्रेट रस्त्याकडेला ओतून देत होते. आत्यानं एक टेम्पो अडवला आणि सगळे टोमॅटो पाळणाघरापुढं ओतायला लावले. "चला रे सातव्या मजल्यावर! स्पेनात एका गावात लोक टोमॅटोनं लढाई खेळत्यात. सातव्या मजल्यावरच्या बाईनं मला मोबाईलात दावलं व्हतं." मी शिवलेले पांढरे सदरे घालून पोरं उभी राहिली. नियम एकच, टोमॅटो आधी हातानं चेचायचा, मग फेकायचा, म्हणजे लागत नाही.

काय लढाई झाली, अगं बाई! पोरं लाल, भिंती लाल, माझं शटर लाल. मी दारात उभी राहून शिव्या देत होते तर आत्यानं नेम धरून माझ्याच तोंडावर टोमॅटो हाणला. मग मीही पदर खोचला. इतकी मी आयुष्यात कधी हसले नव्हते.

वार शनिवारचा. पाहुण्याला न्यायला तिलक सायकल घेऊन आला. आत्या शौर्यचं तोंड धुवायला लागली तर तो हात झटकून म्हणाला, "नको! धुतलं की लढाई संपती." आत्या हसली. "जा तसाच. कमलाला म्हनावं, स्पेनवरनं आलोय." तिलकनं शौर्यला पुढं दांडीवर बसवलं, सुनिताला मागं कॅरियरवर. दोन लालभडक पोरं घेऊन तो बिचारा घंटी वाजवत निघाला.

त्या दिवसांत सगळ्यांच्या मोबाईलवर एकच धुमाकूळ होता. पोरं पळवणारी टोळी आलीय, परप्रांतीय आहेत, सावध राहा. खरं-खोटं कुणी तपासत नव्हतं, नुसतं पुढं पाठवत होतं. मलाही चार ठिकाणांहून आलं होतं.

स्टँडजवळ शौर्यच्या डोळ्यांत टोमॅटोचा रस गेला आणि त्यानं भोकाड पसरलं. पानाच्या टपरीवरच्या पोरांनी बघितलं. नेपाळी माणूस, सायकलवर रक्तानं माखलेलं आप्पांचं नातवंड, जिवाच्या आकांतानं रडतंय. एकानं सायकलला लाथ घातली. दुसऱ्यानं किरणला फोन लावला, "तुझं पोरगं रक्तबंबाळ हाय, लवकर ये!"

आम्ही पाळणाघराचा ओटा धूत होतो. सुनिता पळत आली. एक चप्पल नव्हती, गुडघा फुटलेला. "आत्या, बाबा को मार रहे हैं," एवढंच म्हणाली आणि आत्याच्या साडीत तोंड खुपसलं. आत्यानं तिला माझ्या अंगावर ढकललं, हातातला खराटा तसाच घेतला आणि धावली. मी पोरीला कडेवर घेऊन मागोमाग.

पुढचं मला सांगायचं नाही, पण न सांगता चालणारही नाही. गर्दीच्या मधोमध तिलक पडला होता. उसाची दांडकी, पट्टे, लाथा. ज्यांनी त्याच्या गाडीवर रोज नूडल्स खाल्ले तेच लाथा घालत होते. किरण त्याच्या छातीवर बसून विटेनं मारत होता, "बोल, काय केलं माझ्या पोराला, बोल!" आणि त्याचं पोर चार हातांवर टपरीपाशी कुणाच्या तरी कडेवर ओरडत होतं, "पप्पा, नका मारू! मी पाहुणा हाय!" कुणाला ऐकू येणार? सुनिताचे डोळे मी हातानं झाकले. तिनं माझा हात चावून बाजूला केला.

आत्यानं खराट्यानं पाठी फोडत वाट काढली. एकाच्या कानशिलात बसला, एकाच्या तोंडावर. किरणचे केस तिनं मुठीत धरले आणि त्याला मागं ओढून उताणा पाडला. मग शौर्यला हिसकून घेतलं, त्याच्या गालावरून तळवा फिरवला आणि तो तळवा किरणच्या तोंडात कोंबला.

"चाट! चाट म्हनते ना! कसं लागतंय?"

किरण थुंकला. दांडकी खाली आली.

"सांग की मोठ्यानं! गोड का आंबट?"

"टमाटं..." तो पुटपुटला.

"व्हय रे गाढवा, टमाटं!" मग ती तिलकपाशी बसली. त्याच्या डोळ्याच्या जागी जे होतं त्यावरून तिनं तोच तळवा फिरवला आणि पुन्हा किरणपुढं धरला. "आता ह्ये चाट. म्हंजी फरक कळंल. पुढच्या टायमाला मारायच्या आधी कळंल."

किरण तिथंच ओकला. मागची माणसं एकेक करून सटकली. मोबाईल खिशात गेले. उरलो आम्ही, टपरीवाला आणि सायकलची वाकडी चाकं. आत्यानं रस्त्यातल्या एका जीपच्या बॉनेटवर दोन्ही हात आपटून ती थांबवली. शिरूरला नेलं, तिथून पुण्याच्या सरकारी दवाखान्यात. तिलक वाचला. डावा डोळा गेला, जबडा तारांनी बांधावा लागला.

दवाखान्याच्या जिन्यात मी तिला रडताना बघितलं, आयुष्यात एकदाच. "माझ्या बोलावन्यावर आला गं त्यो. पाहुन्याला न्यायला आलेल्याला मारलं. आता कुठलं पोरगं कुनाच्या दारात चप्पल काढंल?"  मीही रडले.

चार दिवसांनी आप्पा माझ्या दुकानात आले, कारण समोर जायची त्यांची छाती नव्हती. "मंगलताई, तुमचं ऐकती ती. तिला म्हनावं, गावातलं गावात मिटवू. आमचं पोरगं हाय, चुकलं त्याचं. दवाखान्याचं आमी बघू."

मी तोंड उघडायच्या आत समोरच्या ओट्यावरून आवाज आला. "आप्पा, डोळा कुठनं आननार? हाय का तुमच्या सोसायटीत?"

तिनं पोलिसांत जबाब दिला. टोमॅटो माझे, खेळ माझा, बोलावणं माझं, हे आधी सांगितलं. मग कुणी कशानं मारलं ते एकेकाचं नाव घेऊन सांगितलं. अश्विनीनंही सांगितलं, परवानगी मीच दिली होती. त्या पायी ती माहेरी गेली. किरणला अटक झाली, महिन्याभरानं तो जामिनावर सुटून आला. आणि पाळणाघर ओस पडलं. गावातल्यांनी आप्पांच्या धाकानं पोरं काढली, बाहेरच्यांनी भीतीनं. सोमवारी सकाळी ती सवयीनं ओट्यावर यायची, रस्त्याकडं बघायची आणि आत जायची. कितव्या मजल्यावर जायचं, असं विचारायला कुणी नव्हतं. दुपारी मशीन बंद ठेवायचं कारण उरलं नव्हतं. मी तरी बंद ठेवत होते.

तिलकनं गाव सोडून नेपाळला परतायचं ठरवलं. दार वाजलं की तो कोपऱ्यात जायचा, असं कमला सांगायची. गोरखपूरकडं जाणारी गाडी दौंडवरून होती. आत्या आणि मी त्यांना सोडायला गेलो. फलाटावर कमलानं चादर अंथरली, बोचकी लावली, डबा उघडला. तिलक चादरीच्या कडेला बसला होता, गर्दीकडं पाठ करून.

तेवढ्यात जिन्यावरून अश्विनी उतरली. हाताशी शौर्य. तिलकनं वळून बघितलं आणि त्याचे दोन्ही हात आपोआप डोक्यावर गेले. पाच वर्षांच्या पोराला बघून!  शौर्य जागच्या जागी थांबला. आईनं सांगितलं नव्हतं की आत्यानं खुणावलं नव्हतं, त्याच्या त्यानंच चपला काढल्या. फलाटावर, चादरीच्या कडेशी, नीट जोडून ठेवल्या.

"माझा नंबर राहिला होता," तो म्हणाला. मग आठवून म्हणाला, "आम्ही पाहुणे, आत येऊ का?"

 सुनिता बापाकडं बघत होती. तिलकचे हात हळूहळू खाली आले. जबड्याच्या तारांमुळं त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं कडेचं बोचकं उचलून मांडीवर घेतलं आणि त्या जागेवर तळव्यानं दोनदा थोपटलं.

शौर्यनं डाळ-भात खाल्ला, लोणचं खाल्लं, ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. तोवर आत्या मान वळवून रुळांकडं बघत होती.

गाडी आली. जनरलच्या डब्याला मुंग्यांसारखी माणसं. बोचकी चढवली, कमला चढली, सुनिता चढली, तिलक चढला. मग आत्यानं बाकड्याखालून एक पिशवी ओढली. मला वाटलं त्यांचीच.

"ही कुणाची?"

"माझी. कमलानं बोलावलंय. मंगले, किल्ली तुझ्याकडं ठिव. साक्षीची तारीख लागली की फोन कर, येते."

"अगं पण चाललीस कुठं तू, या वयात?"

"गेटावरच्या देशात," ती म्हणाली आणि डब्याकडं वळली. दारात एक दांडगा माणूस पाय रोवून उभा होता, जागा नाही म्हणत. आत्यानं त्याच्या बरगडीत कोपर हाणलं. "सरक की मुडद्या, बोलावनं हाय मला!" तो सरकला. आणि मग त्या रेटारेटीत, गाडीची शिटी झालेली असताना, ती बाई पायरीपाशी वाकली आणि तिनं पायांतल्या चपला काढल्या. एका हातात चपला, एका हातात पिशवी. आयुष्यभर ज्या बाईनं दगड मारल्याशिवाय कुणाला हाक मारली नाही, तिचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला.

"आमी पाहुने. आत येऊ का?"

आतून, माणसांच्या पायांमधून कुठून तरी सुनिता ओरडली, "या, तुमचीच वाट बघत होतो!"

दारातल्या गर्दीवरून तिलकचा हात पुढं आला. इंदूआत्यानं तो धरला आणि ती अनवाणी आत चढली.